दुपटीचं गणित

आमच्या घरात 'जुगार' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बाबा जे करत होते ती 'पद्धत' होती. पत्ते कुटणारे जुगारी, सट्ट्याचे आकडे लावणारे जुगारी, शंकरपटात बैलजोडीवर पैसे लावून शिव्या देत घरी येणारे तर पक्के जुगारी. बाबा मात्र पांढरं धोतर, काळा कोट आणि खिशाला शाईचं पेन लावून चांद्याच्या शाळेत गणित शिकवायला जाणारे मास्तर. त्यांना जुगारी म्हणायची हिंमत गावात कोणाला नव्हती. ती मी आज करते आहे. पंच्याऐंशी उलटली माझी. ज्यांना वाईट वाटलं असतं ते बहुतेक गेले, आणि जे उरलेत त्यांना वाटू दे.

परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या आत आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे न्हाणी आणि एक चिंचेचं झाड. सकाळी कोळशाच्या खाणीचा भोंगा वाजला की आई चूल पेटवायची. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि सोबत जवसाची चटणी, हे आमचं बाराही महिन्यांचं जेवण. चैतात कोणी मोहफुलं आणून दिली तर आई ती तव्यावर भाजून तिळासोबत कुटायची आणि घरभर असा गोड, जड वास पसरायचा की अभ्यासात लक्ष लागू नये. बाबा जेवताना बोलत नसत. हात धुऊन झाले की मला हाक मारत आणि पाटीवर एखादं गणित घालत. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगी असून मॅट्रिकच्या वर्गात गणितात पहिली येते, याचा त्यांना फार अभिमान होता. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत आणि रागावले की झाडीची बोली तोंडात येई. त्यामुळे पारा किती चढलाय ते शब्दांवरूनच कळायचं.

भूमिती श्रेणी मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या दिवशी ते पिशवीभर चिंचोके घेऊन वर्गात आले होते. पहिल्या बाकावर एक ठेवला, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर चार. पोरं हसत होती. दहाव्या बाकापर्यंत पिशवी रिकामी झाली आणि हसणं थांबलं. "दुप्पट करणं फार साधं वाटतं," बाबा म्हणाले, "म्हणून माणूस फसतो." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडानं, चाळीस पोरांसमोर म्हटलेलं मी ऐकलं आहे. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असतं, तर मी हे प्रकरण लिहिलंच नसतं.

त्याच पावसाळ्यात नागपूरहून पोस्टानं, व्हीपीनं एक पातळसं पुस्तक आलं. वरच्या पानावर घोडा, आत कोष्टकंच कोष्टकं. घोड्यांच्या शर्यतीत कधीही न हरण्याची पद्धत. बरोबरीचा भाव असलेला घोडा निवडायचा, म्हणजे जिंकला तर लावले तेवढेच वर मिळतात. पहिल्या शनिवारी दोन रुपये लावायचे. हरले तर पुढच्या शनिवारी चार. पुन्हा हरले तर आठ. कधी ना कधी घोडा जिंकणारच, आणि तो जिंकला की मागचं सगळं नुकसान भरून निघून वर दोन रुपये फायदा. मग पुन्हा दोनापासून सुरुवात. पुस्तकात याला 'नुकसान वसुली' असं भारदस्त नाव होतं.

बाबांनी ते पुस्तक आठ दिवस वाचलं, समासात पेन्सिलीनं पडताळे केले. आईला म्हणाले, "यात नशिबाचा भागच नाही. शुद्ध गणित आहे."

"पन घोडे कुठी आहेत आपल्याकडे?" आईनं विचारलं.

घोडे पुण्याला होते, आणि हिवाळ्यात मुंबईला. बाबांनी आयुष्यात टांग्याच्या घोड्यापलीकडे घोडा पाहिला नव्हता. स्टेशनच्या रस्त्यावर रामलालचा पानठेला होता. तो पैसे घ्यायचा आणि टेलिफोननं नागपूरला कळवायचा. शनिवारी शर्यत, रविवारी दुपारी नागपूरचं वर्तमानपत्र चांद्याला यायचं आणि त्यात निकाल. रविवारी जेवण झाल्यावर बाबा छत्री घेऊन स्टेशनकडे जात, तेव्हा शेजारचे म्हणत, मास्तरांना वाचनाचा केवढा नाद!

चार महिने पद्धत चालली. कधी पहिल्याच डावात, कधी तिसऱ्या-चौथ्यात घोडा जिंकायचा. चार महिन्यांत बाबांना सोळा रुपये मिळाले. होय, सोळा. त्यातून त्यांनी आईला एक रॉकेलचा स्टोव्ह आणला आणि आम्ही दोघी त्याभोवती आरतीला उभं राहावं तशा उभ्या राहिलो. मलाही आनंद झाला होता, हे कबूल करते. त्या स्टोव्हवर केलेला चहा मी चवीनं प्यायले आहे.

आता इथे थोडं थांबते, कारण हे सगळं आत्ताच का लिहायला घेतलं ते सांगायला हवं. मी हल्ली ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहते. मागच्या महिन्यात माझा नातू फोनवर काहीतरी खेळत होता. विचारलं तर म्हणाला, "आजी, हे बेटिंग नाही, सिस्टिम आहे. हरलं की डबल करायचं. लॉस आपोआप रिकव्हर होतो." शब्दाला शब्द तेच. सत्तर वर्षं गेली, घोड्यांच्या जागी क्रिकेट आलं, व्हीपीच्या जागी फोन आला, आणि तरी हा लबाडपणा तस्साच ताजा, कोऱ्या कपड्यात आमच्या घरात येऊन बसलाय. मी त्याच्या हातून फोन हिसकावून घेतला. सून म्हणाली, आईंना बीपी आहे, चिडू देऊ नका. मी चिडणार. चिडायला मला पुरेसं कारण आहे, आणि त्या कारणाचं नाव लच्छू मडावी.

लच्छूभाऊ शाळेत चपराशी होते. घंटा वाजवायची, फळे पुसायचे, पाणी भरायचं. त्यांचं गाव वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्याही पुढे जंगलात. बायको तिकडेच असायची. मोहफुलं, चारोळी वेचायची, बाजारात विकायची. महिन्यातून एकदा लच्छूभाऊ गावी जात आणि येताना आमच्यासाठी पळसाच्या पानात बांधून टेंभराची गोड फळं आणत. बाबांवर त्यांची अपार श्रद्धा. चपराशाची खोली उघडीवाघडी, कुलूप नाही, म्हणून अकरा वर्षांत साठवलेले पाचशे रुपये त्यांनी बाबांकडे ठेवायला दिले होते. गावाजवळ धानाची एक बांधी, भातशेतीचा बांध घातलेला तुकडा, विकायला निघणार होती. तिच्यासाठी ते पैसे. लाल फडक्यात गाठी मारलेलं ते बोचकं आमच्या लोखंडी पेटीत, आईच्या शालूखाली असायचं. किल्ली आईच्या कमरेला.

दिवाळी झाली आणि घोडे हरायला लागले. दोन गेले, चार गेले, आठ गेले. सोळा गेले तेव्हा बाबा हसत होते. बत्तीस गेले तेव्हा कोष्टक काढून पुन्हा पाहत होते. चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस पोस्टाच्या पुस्तकातून निघाले. मॅट्रिकनंतर मला नागपूरला कॉलेजात घालायचं म्हणून ते साठवलेले होते. आठव्या डावाला दोनशे छप्पन गेले आणि पोस्टाचं पुस्तक कोरं झालं. दर रविवारी बाबा स्टेशनवरून परतत, छत्री कोपऱ्यात ठेवत आणि पाणी मागत. घरात भांडं आपटलं तरी आई दचकायची.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. शाळा सुटून मी घरी आले तर पेटी उघडी, आईचा शालू बाजेवर, आणि बाबा खाली बसून लाल फडक्याच्या गाठी सोडत होते. आई भिंतीला टेकून उभी. तिच्या हातात किल्ली होती. बाबांनी ती हिसकावलेली नव्हती. आईनं दिली होती.

"ते लच्छूभाऊंचे पैसे आहेत," मी म्हणाले.

"माहीत आहे मला. चार दिवसांनी जिथल्या तिथे ठेवायचे आहेत. नववा डाव पाचशे बाराचा आहे. बारा तुझ्या आईनं दिले."

"आणि जिंकलात तर किती मिळतील?"

"मागचं सगळं भरून निघेल."

"आतापर्यंत पाचशे दहा गेले. पाचशे बारा लावणार. जिंकलात तर वर किती उरतील, बाबा?"

ते गाठ सोडत राहिले. उत्तर दोघांनाही पाठ होतं. शेवटी म्हणाले, "दोन."

"दोन रुपयांसाठी त्यांची बांधी लावता?"

"दोन रुपयांचा प्रश्न नाही. गेलेलं परत आणायचा प्रश्न आहे. ओळीनं आठ वेळा हरल्यावर नवव्यांदा हरणं जवळजवळ अशक्य असतं. हे शास्त्र आहे."

"घोड्याला काय माहीत, आपण आठ वेळा हरलो ते?" मी विचारलं. "तो तर पहिल्यांदाच धावतोय!"

बाबांनी वर पाहिलं. एक क्षण त्यांच्या डोळ्यांत तो वर्गातला मास्तर दिसला, हुशार पोरानं नेमका प्रश्न विचारल्यावर खुश होणारा. मला खात्री आहे, त्यांना कळलं होतं. आणि कळल्यावरच त्यांचा आवाज चढला. "तुले काय समजते? चार बुकं शिकली तं बापाले शिकवते? चाल, निंघ इथून!"

आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "सुमे, गप राह्य. ते मास्तर आहेत, त्यायले समजते."

त्या वाक्याचा मला बाबांच्या ओरडण्यापेक्षा जास्त राग आला. मी पळत रामलालच्या पानठेल्यावर गेले. म्हटलं, बाबा पैसे घेऊन येतील, घेऊ नका, ते दुसऱ्याचे आहेत. रामलाल पानाला चुना लावत होता. म्हणाला, "बेटी, नोटांवर कोनाचं नाव लिहून असते का?" आणि समोरचे दोघे हसले. मी शाळेत गेले. लच्छूभाऊ आठवडाभराच्या सुटीवर गावी गेले होते. बांधीचा सौदा पक्का करायला.

रविवारी बाबा परतले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. एरवी ते तिथेच वाचून येत. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बघ. दुसरा आला. फक्त एका मानेनं मागे. पद्धत चुकलेली नाही, सुमन. आपल्याकडे भांडवल एक पायरी कमी पडलं. एक हजार चोवीस असते तर…"

पश्चात्तापाचा एक शब्द नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधला, खरंच शोधला. तिथे फक्त गणित अर्धवट सुटल्याची चुटपुट होती. आई चुलीसमोर बसली आणि भात करपेपर्यंत उठली नाही.

लच्छूभाऊ मंगळवारी आले. सोबत त्यांचा साळा, बायकोचा भाऊ होता, धोतराला चिखल, हातात काठी. दोघं अंगणात उकिडवे बसले. "जोहार मास्तर," लच्छूभाऊ म्हणाले. चेहरा फुललेला. "सौदा झाला जी. शुक्रवारी कागद कराचा आहे. माहे पैसे देजा."

बाबा बाजेवरून न उठता म्हणाले, "लच्छू, पैसे एका ठिकाणी गुंतले आहेत. सुरक्षित आहेत. होळीपर्यंत थांब."

"होळीलोक कोन थांबते, मास्तर? दुसरा गिऱ्हाईक बसून आहे."

बाबा काहीतरी आणखी सुरक्षित बोलणार होते. मी दारातून म्हणाले, "लच्छूभाऊ, पैसे नाहीत. बाबांनी ते घोड्यावर लावले आणि हरले."

लच्छूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "कोनता घोडा? मास्तरजवळ तं सायकल आहे."

यानंतर जे झालं ते आठवलं की आजही माझ्या कानशिलात रक्त चढतं. बाबांनी कागद मागवला, पेन काढलं आणि लच्छूभाऊंना पद्धत समजावून सांगायला लागले. दोनाचे चार, चाराचे आठ. कोष्टक आखलं. स्वच्छ, सुंदर अक्षरात. आणि लच्छूभाऊ, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, ते मान हलवत ऐकत होते. कारण मास्तर शिकवत असताना मान हलवायची, एवढंच त्यांना अकरा वर्षं वर्गाच्या दाराबाहेर बसून माहीत झालेलं. साळा मात्र काठीनं माती उकरत होता.

कोष्टक संपलं. लच्छूभाऊ हळूच म्हणाले, "हे सप्पा बराबर असंन जी. तुमी सांगता म्हंजे बराबरच. पन मले एक डाव इचारलं काऊन नाई?"

बाबांनी पेनाला टोपण लावलं. या प्रश्नाला कोष्टकात रकाना नव्हता. ते उठले, "माझ्यावर अविश्वास दाखवतोस?" म्हणाले आणि आत निघून गेले.

साळा उठला, काठी घट्ट धरून. लच्छूभाऊंनी त्याचा हात धरला आणि गोंडीत काहीतरी सांगितलं. ते दोघं गेले. अंगणात ते ज्या जागी बसले होते तिथे कोष्टकाचा कागद पडून राहिला.

मी हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "पण चपराशाकडे पाचशे रुपये आले कुठून?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न असा, की परीक्षा तोंडावर असताना मुलीनं वडिलांबद्दल असं बोलावं का. लच्छूभाऊंना बोलावून विचारलं, तर ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "माही काई तक्रार नाई साहेब." नोकरी जाईल याची भीती होती त्यांना, की बाबांची लाज झाकायची होती, मला कधी कळलं नाही. हेडमास्तरांनी हात झटकले. गावात सगळे म्हणत, मास्तर भला माणूस, त्यांचं नशीब खोटं. लच्छूभाऊंच्या नशिबाचं कोणी नाव काढलं नाही. शुक्रवारी बांधी दुसऱ्याची झाली.

आई त्या आठवड्यात सोनाराकडे गेली. कानातली आणि गळ्यातला एक सर देऊन एकशे चाळीस रुपये आणले आणि स्वतः शाळेत जाऊन, घंटेखाली उभं राहून लच्छूभाऊंच्या हातात ठेवले. मला सोबत घेतलं नाही. परत आली तेव्हा तिचे कान उघडे होते आणि ते झाकायला तिनं पदरही पुढे ओढला नव्हता. बाबांनी विचारलं, दागिने कुठे? तिनं उत्तर दिलं नाही. बाबांना उत्तर न देणं मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिलं. आणि बाबा? ते पगारातून पुन्हा दोन रुपयांपासून सुरू झाले होते. मागचं वसूल करायला.

मी मॅट्रिक झाले, पहिल्या वर्गात. नागपूरचं कॉलेज राहिलं. मूल गावी प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले. राइस मिलचा कोंडा दिवसभर हवेत उडायचा, वह्यांवर, केसांवर, भातात बसायचा. साठ रुपये पगार. एका विधवा बाईंच्या ओसरीवर राहायचे आणि दर महिन्याला चांद्याला येऊन वीस रुपये लच्छूभाऊंना द्यायचे. पहिल्या वेळी ते घेईनात. "बाई, तुमी काऊन देता? तुमी तं लावले नाई." मी म्हटलं, मला इतकंच गणित येतं. अठरा महिने लागले. तोवर बांध्यांचे भाव चढले होते. लच्छूभाऊंना शेवटी मिळाली ती जंगलाला लागून, निम्मी खडकाळ, रानडुकरांच्या वाटेवरची. पहिल्या हंगामात जे धान झालं त्यातलं अर्धं डुकरांनी नेलं.

शेवटचे वीस रुपये देऊन मी घरी आले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. आई वाढत होती. मी म्हणाले, "लच्छूभाऊंचे आज पूर्ण झाले."

बाबांनी घास गिळला, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "बघ. शेवटी वसूल झालं की नाही? मी सांगतच होतो, वेळ द्यावा लागतो."

आईच्या हातात वरणाची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली. मी तिचा आवाज इतका शांत कधी ऐकला नव्हता.

"वसूल कोनं केलं?"

बाबांनी वर पाहिलं.

"तुमच्या घोड्यानं नाई केलं. माह्या पोरीनं केलं. वीस-वीस रुपये देऊन. मी तुमाले किल्ली देल्ली, तो माहा गुन्हा. तो मी माह्या तोंडानं लच्छूले सांगून आली. तुमी काय सांगलं त्याले?"

बाबांनी काही सांगितलं नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत सात वर्षं ते रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत जायचे, लच्छूभाऊ त्यांची सायकल धरायचे, "जोहार मास्तर" म्हणायचे, आणि बाबा मान डोलवायचे. मरेपर्यंत माफीचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. लोक मला म्हणतात, आता तरी माफ कर, बाप होता. फक्त माझे पैसे गेले असते तर केलं असतं. ज्याचे गेले, त्याच्याकडे माफी मागायला बाबा गेलेच नाहीत. ती माझ्याकडे कशाला मागता?

आईनं त्या दुपारी वरण वाढलं नाही. ट्रंकेत दोन लुगडी घातली आणि माझ्याबरोबर मूलच्या मोटारीत बसली. महिनाभर राहायला येते म्हणाली होती. ती अकरा वर्षं राहिली.